तबकडीवरचा आवाज आणि एक विसरलेला करार

घरी टर्नटेबल आणायचं ठरलं की प्रश्न येतो, फोनो स्टेज कोणता घ्यायचा? आपण लगेच किमती बघायला लागतो. पण या छोट्या पेटीला इतिहास आहे, आणि तो कळला की निवड बरीच सोपी होते.

सुईतून येणारा विद्युतसंकेत फार क्षीण असतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून काही मिलिव्होल्ट, मूव्हिंग कॉइलमधून बहुधा अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी. पहिला साधारण शंभरपट वाढवावा लागतो, दुसरा हजारपट. एवढंच काम असतं तर कुठलाही चांगला ॲम्प्लिफायर चालला असता. दुसरं काम याहून मोठं आहे.

१९२५ च्या सुमारास कर्ण्यात गाण्याची पद्धत मागे पडून मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू झालं. खर्जाचे ध्वनी जसेच्या तसे कोरले तर रेघ इतकी हेलकावते की शेजारच्या रेघेत घुसते. म्हणून खर्ज दाबून कोरायचा. पुढे वरचे, बारीक ध्वनी चढवून कोरायला लागले. वाजवताना ते उतरवले की तबकडीची खरखरही उतरते. म्हणजे बघा, तबकडीवर असतो तो ठरवून बदललेला आवाज. वाजवणाऱ्याने तो उलट बदलून घ्यायचा, असा हा करार.

पण करार प्रत्येक कंपनीचा वेगळा! १९४८ मध्ये कोलंबियाने एलपी आणली, तेव्हाही एकवाक्यता नव्हती. १९५४ मध्ये रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिकाने एक प्रमाण ठरवलं. त्याप्रमाणे वाजवताना, १००० हर्ट्झच्या तुलनेत, २० हर्ट्झचा ध्वनी सुमारे नऊपट चढतो आणि २०,००० हर्ट्झचा सुमारे एक दशांश होतो. आजचे बहुतेक फोनो स्टेज हेच प्रमाण धरतात.

आता अब्दुल करीम खाँ घ्या. ते १९३७ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेली एकही तबकडी या प्रमाणाने कोरलेली नाही. त्या काळच्या अनेक ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत वरचे ध्वनी चढवलेलेच नसत. आजची पेटी मात्र ते उतरवतेच. ५००० हर्ट्झला जेमतेम चाळीस टक्के उरतात. मग तो बारीक, टोकदार सूर जाड आणि मिटलेला ऐकू येतो, आणि आपण म्हणतो, जुनं रेकॉर्डिंग, असंच असायचं! तीच नक्कल संगणकात साठवली, तर पुढच्या पिढीला खाँसाहेब तसेच गात असं वाटणार.

आम्ही तत्त्वज्ञानवाले विचारत असतो, वस्तू जशी आहे तशी कळते का? निदान ती कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आली, हे तरी विचारावं.

तेव्हा आधी आपलं कपाट बघू. १९५५-६० नंतरच्या एलपीच असतील, तर हे प्रमाण काटेकोर पाळणारा, आपल्या कार्ट्रिजच्या जातीला जुळणारा साधा स्टेज पुरे. आजोबांच्या ७८ च्या तबकड्या असतील, तर खर्ज आणि वरचे ध्वनी स्वतंत्रपणे बदलता येणारा घ्यावा. त्यांची खाच रुंद, म्हणून सुईही वेगळी. पैसे कमी-जास्त लागतील. पण ज्या कराराने आवाज कोरला, त्याच कराराने तो सोडवायला हवा.