वाचनाला वेळ कोणी द्यायचा?



शाळांतून वाचनाची गोडी कशी वाढवावी, असा प्रश्न निघाला की बहुधा मुलांनाच दोष दिला जातो. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. शिक्षण जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, सोबत्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवता दाखवता. म्हणून आम्हांस हा प्रश्न आधी तासांचा वाटतो आणि मग गोडीचा.

इतिहास काय सांगतो? १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी केली. परंतु सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तास काम घेण्याची मुभा ठेवली. नऊ तास यंत्रापुढे राबलेल्या मुलाने पुस्तक केव्हा उघडावे? १८९१ साली वयाची मर्यादा नऊवर आली आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास सात झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. हेच लोखंडे १८८० पासून 'दीनबंधु' पत्र चालवीत होते. कामगारासाठी विसावा मागणारा माणूस त्याच्या हाती वाचायला पत्रही देत होता. हा निव्वळ योगायोग होता, असे आम्हांस वाटत नाही.

वेळ मिळाला तरी ग्रंथ दाराशी यावा लागतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. परंतु शाळा सुटली की शिकलेली अक्षरेही विसरली जातात, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास आणून त्यांनी गावोगाव वाचनालये उभारली. जेथे वाचनालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत्या ठेवल्या. वाहतुकीचा खर्च सरकारचा. वाचकाने ग्रंथाकडे जावे, ही रीत उलटली व ग्रंथ वाचकाकडे निघाला.

तिसरी गोष्ट माणसाची. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयातील मुलांसाठी ते स्वहस्ते दैनिक लिहून काढीत. छापखाना नाही, अनुदान नाही. शाई, कागद आणि मुलांविषयीची माया एवढेच भांडवल. आपल्यासाठी कोणीतरी रोज लिहितो, हे कळल्यावर कोणते मूल वाचल्यावाचून राहील?

आता आपल्या खारबावाकडे पाहू. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तकेसुद्धा असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे कपाटाला कायद्याचा आधार मिळाला. अडते ते किल्लीपाशी. एखादे पुस्तक फाटले वा हरवले तर भरपाई आपल्या पगारातून जाईल, या धास्तीने कुलूप निघत नाही, असा अनुभव आम्ही अनेक ठिकाणी घेतला आहे. आम्ही गुरुजींना दोष देत नाही, तेही नोकरदारच. परंतु मागावरचा धोटा झिजतो म्हणून भिवंडीत कोणी माग बंद ठेवीत नाही. पुस्तकाची झीज हाही शाळेचा चालू खर्चच होय.

आणखी एक अडचण. या तालुक्यात यंत्रमागावर आणि गोदामांत राबणाऱ्यांच्या घरी मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक भाषा नांदतात. बारा तासांची पाळी करून आलेल्या बापाने मुलास वाचून दाखवावे, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. म्हणून वाचनाचा वेळ शाळेच्या वेळापत्रकातच हवा.

तेव्हा आमच्या मागण्या तीनच आहेत. रोज अर्धा तास परीक्षेविना वाचनाचा असावा. दर शनिवारी प्रत्येक मुलाने एक पुस्तक, शक्य तेथे घरच्या भाषेतले, घरी न्यावे. आणि फाटलेल्या पुस्तकाची भरपाई शिक्षकाकडून घेऊ नये, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने करावा. या समितीत पालकांचे बहुमत असते, म्हणजे ठराव आपल्याच हाती आहे. रविवारची सुटीसुद्धा कोणी आपण होऊन दिली नव्हती. ती संघटितपणे मागावी लागली.