उंबऱ्यावरचं अंथरूण

आमच्या घराण्यात पिंजाऱ्याचा धंदा. माझ्या लहानपणी पुण्याच्या पेठांमधून धनुकलीचा टुंग टुंग आवाज येई आणि बायका खिडकीतून गादीवाल्याला हाक मारत. माझे आजोबा, म्हणजे आमचे दादा, असेच घरोघर जाऊन गाद्या भरायचे.

गोष्ट १९८० च्या सुमाराची. लष्करातल्या एका बंगल्यातून गादीसाठी निरोप आला. दादांच्या मागोमाग मीही गेलो. व्हरांड्यात शहाबादी फरशीवर वासराएवढा ग्रेट डेन कुत्रा पसरला होता. साहेब म्हणाले, "गादी याच्यासाठी हवी."

मला राग आला. घरी आम्ही चार भावंडं एका गोधडीवर झोपत होतो. शिवाय दादा पाच वेळचे नमाजी. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर तो धुतल्याशिवाय नमाज नाही, म्हणून आमच्या घरात कुत्रा कधी आलाच नव्हता. दादा आता उठतील असं मला वाटलं. ते उलट खाली बसले आणि लांबूनच कुत्र्याच्या पायांकडे बघत राहिले. कोपरांवरचे केस गेले होते, कातडीला जाड घट्टे पडले होते.

परतताना त्यांनी मला गुहेतल्या लोकांची गोष्ट सांगितली. कुराणाच्या अठराव्या सुऱ्यात ती आहे. श्रद्धेपायी छळ होऊ नये म्हणून काही तरुण गुहेत लपतात आणि तीनशे नऊ वर्षं झोपून राहतात. झोपेत त्यांची कूस बदलली जाते. त्यांचा कुत्रा पुढचे पाय पसरून उंबऱ्यावर बसलेला असतो. ते किती जण होते यावर लोक वाद घालतात; पण तीन म्हणा, पाच म्हणा की सात, मोजताना कुत्रा प्रत्येक वेळी धरलेला आहे. पुढच्या परंपरेनं त्याला कितमीर हे नावही दिलं. कुत्रा नापाक की फक्त त्याची लाळ, यावर धर्मशास्त्राच्या पंथांत मतभेद आहेत. राखणीच्या आणि शिकारीच्या कुत्र्याला मात्र सगळ्यांचीच मुभा आहे. गोष्ट संपवून दादा एवढंच म्हणाले, "उसके नीचे तो पत्थरच था."

पुढे बी. ए. करताना इतिहास वाचू लागलो तेव्हा दादांचं ते वाक्य वेगवेगळ्या ठिकाणी भेटत राहिलं. आपल्या मुलखात कुत्र्याला मान पुष्कळ, अंथरूण क्वचित. जेजुरीला खंडोबाबरोबर कुत्रा असतो. त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. महाभारताच्या शेवटी धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. पण या कथांमधला कुत्रा नेहमी चालत तरी असतो, नाहीतर राखण तरी करत असतो.

तो निजलेला दिसतो धनगरांच्या वाड्यावर. त्याच्या अंगाखाली बहुधा जुनं, विरलेलं घोंगडं असतं. दख्खनी मेंढीची राठ लोकर, सणगरांनी मागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेली. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. कापसाचं तसं नाही. तो ओल धरतो आणि त्याचे गोळे होतात. अंगानं किरकोळ, पायानं लांब अशा कारवानी कुत्र्याला ही ऊब लागतेच, कारण त्याच्या हाडांवर चरबीचं अस्तर नसतं. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेली जात ती हीच. २००५ साली टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं.

एका कुत्र्याला मात्र गादीच काय, पालखी मिळाली. सातारच्या छत्रपती शाहू महाराजांचा हा कुत्रा. वाघाच्या शिकारीत त्यानं महाराजांचे प्राण वाचवले होते. ग्रँट डफनं १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलंय, की महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, आणि पालखीचा सारा सरंजाम खरोखरच ठेवला गेला. एकदा तर भर दरबारात त्याला जरीचे कपडे आणि दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. डफला हा वेडाचा झटका वाटला. असेलही. पण १७४९ मध्ये महाराज गेले, आणि संगम माहुलीला त्यांच्या समाधीजवळ त्या कुत्र्याचंही स्मारक आहे. ते वेडापेक्षा जास्त टिकलं.

दादांनी गादी केली. माप कुत्रा बसलेला असताना घेतलं नाही. तो पाय ताणून आडवा झाला तेव्हा नाकापासून शेपटीपर्यंत सुतळी धरली. नवा मऊ कापूस घेतला नाही, कारण एवढ्या वजनाखाली तो दबतो आणि कोपर पुन्हा फरशीला टेकतं. घट्ट भरून टाके जवळजवळ घातले, धुता येईल अशी वेगळी खोळ शिवली, आणि ओल लागू नये म्हणून गादी लाकडी पाटावर ठेवायला सांगितली. आज फ्लॅटमधले लोक थोरल्या कुत्र्यासाठी दुकानातून बिछाना आणतात. त्यांनाही याहून वेगळं सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

पैशांची बोलणी झाली तेव्हा साहेब म्हणाले, "कुत्र्याची गादी, काही कमी करा." दादांनी मान हलवली. "वजन आदमी का, तो दाम बी आदमी का."

तीन-चार वर्षांनी तो कुत्रा गेला आणि साहेबांनी गादी परत पाठवली. कापूस अजून कामाचा होता. दादांनी तो दोन दिवस उन्हात घातला, पुन्हा पिंजला. घरात नेला नाही. एका गोणपाटात भरून शिवला आणि गल्लीत रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी आमच्या उंबऱ्याबाहेर टाकला. मग हातपाय धुऊन नमाजाला उभे राहिले.