दूरची बोट दिसली, म्हणून पृथ्वी सपाट ठरते का?

'एवढ्या लांबचा किनारा दिसतोय, मग पृथ्वीची गोलाई कुठे गेली?' असे विचारणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. हा युक्तिवाद जुनाच आहे.

१८३८ मध्ये सॅम्युअल रोबोथम इंग्लंडमधल्या ओल्ड बेडफर्ड या सरळ, संथ जलमार्गात उतरला. दुर्बीण पाण्यापासून जेमतेम २० सेंटीमीटर उंच होती. सुमारे साडेनऊ किलोमीटर दूर गेलेली बोट त्याला दिसत राहिली. गोल पृथ्वीच्या हिशेबाने ती पाण्याआड जायला हवी होती. म्हणून पृथ्वी सपाट आहे, असे त्याने ठरवले.

बोट दिसू शकते, पण कारण वेगळे आहे. पाणी हवेपेक्षा थंड असेल, तर पाण्यालगतची हवा गार आणि दाट होते. प्रकाश दाट हवेकडे, म्हणजे खाली वळतो. दर मीटर उंचीला तापमान साधारण ०.११ अंश सेल्सिअसने वाढत असेल, तर प्रकाशकिरण पृथ्वीच्या गोलाईसोबतच वळत जातो. मग क्षितिजाआडची वस्तूही दिसते.

१८७० मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ५०० पौंडांच्या पैजेसाठी तिथेच निरीक्षण केले, पण पाण्यापासून सुमारे ४ मीटर उंचीवरून. तिथे हा परिणाम बराच कमी असतो. पाण्यापासून सारख्याच उंचीवर लावलेल्या खुणांपैकी मधली खूण वर उचललेली दिसली. हीच गोलाई! पंचाने निकाल वॉलेस यांच्या बाजूने दिला.

असा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा: कॅमेरा पाण्यापासून किती उंच होता? अंतर किती होते? आणि पाणी हवेपेक्षा थंड होते का?