नलाचा शेवटचा डाव

जुगाऱ्याला समाजाने पापी ठरविले, मूर्ख ठरविले, गुन्हेगारही ठरविले. तो आजारी असू शकेल, हे मान्य करावयास मात्र फार काळ जावा लागला. नवल असे की, या आजाराची लक्षणे आपल्या सर्वांत प्राचीन ग्रंथातच नोंदलेली आहेत.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त हे एका जुगाऱ्याचे आत्मनिवेदन होय. त्या काळी बेहड्याच्या फळांचे फासे करीत. पुन्हा खेळावयाचे नाही, असा निश्चय हा मनुष्य करतो. परंतु फाशांचा आवाज कानी पडताच त्याची पावले तिकडे वळतात. पत्नी दुरावते, सासू तिरस्कार करते, कर्जापायी तो रात्री परक्यांची दारे गाठतो, आणि आईबाप व भाऊ त्याची ओळखही नाकारतात. मोडलेले निश्चय, वाढते कर्ज, तुटलेले घर, यांचीच चौकशी आजचा वैद्यही करतो. सूक्ताच्या अखेरीस उपदेश येतो की, फासे सोडून शेती करावी. उपदेश उत्तमच, पण निश्चयच ज्याच्या ताब्यात उरला नाही, त्याला तो कितीसा पुरणार?

महाभारतातील नलोपाख्यान याहून खोल जाते. नल खेळत सुटतो तो देहात कली शिरल्यामुळे. खेळणारा नल आणि मूळचा नल एक नव्हेत, ही जाण त्या कथेत आहे. ऋतुपर्णाकडून अक्षविद्या मिळताच कली बाहेर पडून बेहड्याच्या झाडात शिरतो. येथवर कथा वैद्यकाच्या जवळची आहे. परंतु पुढे नल पुष्कराशी पुन्हा डाव मांडतो आणि राज्य जिंकतो. नेमका हाच शेवटचा डाव प्रत्येक जुगाऱ्याच्या मनात असतो. गेलेले एकदा परत आले की सोडून देईन!

आमच्या एका सहकाऱ्याने फोनवरील रमीत पगार घालविला, तेव्हा उसने मागताना तो हेच म्हणाला होता. आम्ही प्रथम पैसे दिले, नंतर नीतिपाठ दिला आणि शेवटी त्याला टाळू लागलो. सूक्तातील भावांनी तरी निराळे काय केले?

कायद्याचीही दृष्टी दीर्घकाळ अशीच होती. 1867 च्या सार्वजनिक जुगार कायद्याने अड्डा चालविणाऱ्याबरोबर तेथे सापडणाऱ्यालाही शिक्षापात्र ठरविले. निराळी वाट प्रथम जुगाऱ्यांनीच काढली. 1957 साली लॉस एंजेलिस येथे ‘गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस’ ही संघटना सुरू झाली. एकत्र बसावे, आपली कथा आपल्यासारख्यांना सांगावी, आणि आजचा दिवस न खेळता काढावा, ही तिची रीत. तिच्या वीस प्रश्नांपैकी किमान सातांना होकार देणाऱ्याने सावध व्हावे, असे ती सांगते. हरलेले परत मिळविण्यासाठी लगेच पुन्हा खेळावेसे वाटते का, हा त्यांतील एक प्रश्न. नलाचा शेवटचा डाव तो हाच. 1980 साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाने या अवस्थेला विकार म्हटले. 2013 साली तिला दारूच्या व्यसनाच्या पंक्तीत बसविले.

आपल्याकडे 2025 साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा खेळ चालविणाऱ्याला व त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. दीडशे वर्षांत झालेला हा बदल आम्हांला मोलाचा वाटतो. परंतु बंदीने कली देहातून निघत नाही. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ आहेत. 2022 पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते.

आप्तांचे काम त्याच्या आधीचे आहे. कर्ज फेडावयास हाती रोकड देऊ नये, घरचा हिशेब काही काळ दुसऱ्याने सांभाळावा, आणि त्या मनुष्याची ओळख नाकारू नये. आम्ही त्या सहकाऱ्याला पैसे नाकारून त्याच्या शेजारी बसावयास हवे होते, आणि तो क्रमांक त्याच्याकडून फिरवून घ्यावयास हवा होता. ते आम्ही केले नाही. वाचकांनी करावे, यासाठी हे लिहिले.