बाळाच्या तोंडात पहिलं काय जाणार, हे बाळंतपणाआधीच ठरवा

माहीम-पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंत आपल्या घरांत गरोदर बाईच्या सोनोग्राफीची चर्चा होते, दुधाची मात्र बाळ रडायला लागल्यावर. तोवर कुणीतरी मधाची बाटली उघडलेली असते.

बाळाला जन्मानंतर तासाभरात छातीशी लावावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिझेरियन झालं तरी, आई शुद्धीवर असेल आणि दोघांची तब्येत बरी असेल तर हे जमतं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या फक्त ४१.८ टक्के बाळांना पहिल्या तासात दूध मिळाल्याचं दिसलं. पहिलं पिवळसर, घट्ट दूध, म्हणजे चीक, काही घरांत ‘खराब’ म्हणून पिळून टाकतात. खरं तर आजारांशी लढण्याची पहिली ताकद त्यातच असते. तो थोडाच येतो, म्हणून ‘दूध उतरलंच नाही’ असं वाटतं. पण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच पुरतं. भरपूर दूध दोन-चार दिवसांनी येतं.

घुट्टी नको, पाणी नको. सहा महिने फक्त आईचं दूध. मध वर्षभर अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. तहनीक करायची असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. आमच्या मते त्यासाठी पहिलं दूध लांबवू नये.

सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षं सांगितली आहे, ती सर्वांना पाठ असते. त्याच आयतीत आईच्या खाण्या-कपड्याची जबाबदारी बापावर टाकली आहे, आणि दूध तोडायचं तर दोघांच्या सल्ल्याने, हेही आहे. ते कमी आठवतं! म्हणून तपासणीला शौहरनेही जावं. पहिलं बाळंतपण मायक्यात होणार असेल तर नानीला न्या, कारण तिथे तिचाच शब्द चालतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तिथे किंवा आशाताईंना बाळ कसं धरायचं ते विचारा. २०१६ पासून सरकारचा ‘माँ’ कार्यक्रम याच कामासाठी आहे.

तारापूरच्या कारखान्यात नोकरी असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. अर्ज आधीच द्या.

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा लंगोट ओले झाले नाहीत, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.