एका निशाणाची हकीकत

वर्तमानपत्रातले एखादे कात्रण कापून वहीत चिकटवावयाचे झाले तर त्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नाही. विकत घेतलेले पुस्तक तर हक्काने आपलेच. पण आकाशातून घरात उतरलेले चित्र कोणाचे? ते पाहण्यापुरतेच आपले, की जपून ठेवण्याइतकेही आपले? वरवर पाहता हा प्रश्न रिकामटेकड्याचा वाटेल. परंतु अमेरिकेत तो तीस वर्षांहून अधिक काळ न्यायालयांच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला, आणि शेवटी घरच्या संगणकावर दूरचित्रवाणी पाहणाऱ्या मूठभर हौशी माणसांच्या दाराशी येऊन उभा राहिला.

आरंभी प्रक्षेपण म्हणजे पाण्यावरची रेघ, असेच सारे धरून चालले होते. १९६८ साली नॅशव्हिल येथील पॉल सिम्पसन या विमाव्यावसायिकाला असे कळले की, संध्याकाळच्या बातम्यांच्या फिती वाहिन्या जेमतेम दोन आठवडे ठेवतात आणि मग पुसून पुन्हा वापरतात. देशात खळबळ माजलेली असताना तिची रोजची साक्ष अशी धुऊन जावी, हे त्याला रुचेना. त्याने व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मागे लागून ५ ऑगस्ट १९६८ पासून तिन्ही मोठ्या वाहिन्यांच्या बातम्या मुद्रित करण्यास आरंभ करविला. यावर १९७३ साली सीबीएसने विद्यापीठावर दावा लावला. पुढे १९७६ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात ग्रंथालयांना बातम्या टिपून ठेवण्याची मोकळीक मिळाली आणि दावा मिटला.

ग्रंथालयाचे झाले, पण घराचे काय? १९७५ साली सोनी कंपनीचे बीटामॅक्स यंत्र बाजारात आले आणि दुसऱ्याच वर्षी युनिव्हर्सल व डिस्ने या चित्रपटसंस्था तिच्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. मुलांचे आवडते कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांनी मात्र साक्ष दिली ती सोनीच्या बाजूने. आपला कार्यक्रम टिपून ठेवून आईबापांनी तो मुलांबरोबर सवडीने पाहिला तर आपली मुळीच हरकत नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. खालच्या न्यायालयात सोनी जिंकली, वरच्यात हरली, आणि १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मतांनी पुन्हा जिंकली. नंतर पाहता यावा म्हणून कार्यक्रम घरी मुद्रित करणे हा न्याय्य वापर होय, असे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिले. एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर घरोघरचे ते यंत्र गुन्ह्याचे साधन ठरते.

फितीच्या जमान्यात एक गोष्ट मालकांच्या पथ्यावर पडत होती. नक्कल मुळाहून फिकी उतरे आणि नकलेची नक्कल त्याहून फिकी. डिजिटल प्रक्षेपणाने हा आडोसाच काढून घेतला. त्यात चित्र आणि आवाज यांचे आकडे होतात, आणि त्या आकड्यांची प्रत्येकी १८८ बाइटची पुडकी आकाशातून एकामागून एक येत राहतात. प्रत्येक पुडक्याच्या माथ्यावर ७१ हाच आकडा असतो. त्यावरून पुडके कोठे सुरू झाले हे यंत्र ओळखते, आणि पुढच्या आकड्यांवरून ते चित्राचे, आवाजाचे की कार्यक्रमपत्रिकेचे हे ठरविते. संगणकात एक छोटे कार्ड बसवावे, त्याला अँटेना जोडावी, की संगणकाला ही पुडकी जशीच्या तशी तबकडीवर उतरवून घेण्यापलीकडे फारसे काम उरत नाही. अमेरिकन पद्धतीत एका वाहिनीतून सेकंदाला १ कोटी ९४ लाख बिट येतात. म्हणजे तासाला सुमारे पावणेनऊ अब्ज बाइट. जे प्रक्षेपित झाले तेच, कणभरही न झिजता, घरात राहते.

लवकरच हे काम करणारे प्रोग्रॅमही निघाले. २००० साली जर्मनीत क्लाउस श्मिडिंगर यांनी व्हीडीआर लिहिला. २००२ साली अमेरिकेत आयझॅक रिचर्ड्स यांनी मिथटीव्हीला आरंभ केला; केबलबरोबर मिळालेल्या पेटीला ते कंटाळले होते. दोन्ही प्रोग्रॅम फुकट, आणि आत काय आहे ते कोणीही उघडून पाहावे असे. मिथटीव्ही तर पडदा क्षणभर काळा पडतो त्यावरून जाहिराती हुडकून त्या गाळूनही दाखवी!

मालकांच्या पोटात गोळा उठला तो येथे. त्यांच्या आग्रहावरून तेथील दळणवळण आयोगाने ४ नोव्हेंबर २००३ रोजी एक नियम केला. प्रक्षेपणात एक खूण घालावयाची. तिचे नाव ‘ब्रॉडकास्ट फ्लॅग’, म्हणजे प्रक्षेपणाचे निशाण. कार्यक्रमाला कुलूप घालावयाचे नाही; पण १ जुलै २००५ नंतर तयार होणाऱ्या प्रत्येक ग्राहकयंत्राने ते निशाण ओळखलेच पाहिजे आणि निशाणाचा कार्यक्रम मान्यताप्राप्त कुलूपबंद वाटेनेच पुढे सोडला पाहिजे. घरच्या संगणकाला पुडकी मोकळेपणाने देणारे कार्ड त्या दिवसापासून बनविता आले नसते. जुनी कार्डे मात्र चालणार होती. तेव्हा जाणत्यांनी मुदतीपूर्वी कार्डे घेऊन ठेवण्याचा सल्ला दिला आणि संगणक कसा जोडावा हेही शिकविले.

या नियमाविरुद्ध जे न्यायालयात गेले त्यांत पहिले नाव होते अमेरिकन ग्रंथालय संघाचे. न्यायालयाने विचारले, ‘तुमचे प्रत्यक्ष नुकसान काय?’ उत्तर आले ते उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून: दूर राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही प्रक्षेपणातले तुकडे पाठवितो, ते या निशाणामुळे थांबेल. मला या साऱ्या हकीकतीत हीच जागा मोलाची वाटते. कोट्यवधी डॉलरच्या धंद्यासमोर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पडला तो कोणा एका विद्यार्थ्याचा धडा. सुनावणीत न्यायाधीश एडवर्ड्स यांनी आयोगाला खोचकपणे विचारले, आता धुलाईयंत्रांचा नंबर का? ६ मे २००५ रोजी, मुदतीला दोन महिने असताना, नियम रद्द झाला. प्रक्षेपण घरात पोचल्यानंतर ग्राहकयंत्राने त्याचे काय करावे, हे सांगण्याचा अधिकार कायद्याने आयोगाला दिलेलाच नाही, असे न्यायालय म्हणाले.

१२ जून २००९ रोजी अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे जुने प्रक्षेपण बंद झाले आणि सारे आकाश आकड्यांचे झाले, मोकळ्या आकड्यांचे. हकीकत येथेच संपती तर बरे झाले असते. परंतु २०१७ साली आयोगाने प्रक्षेपणाच्या आणखी नव्या पद्धतीला परवानगी दिली, आणि ती स्वीकारणाऱ्या कित्येक केंद्रांनी थोड्याच वर्षांत आपल्या प्रक्षेपणाला सरळ कुलूपच घातले. निशाणापुढे मान तुकवावयाची की नाही, हा प्रश्न निदान यंत्र करणाऱ्याला विचारता येत होता. कुलूप तसे काही विचारीत नाही. सिम्पसनच्या वेळी बातम्या पुसल्या जात होत्या, तेव्हा त्या जपावयास एक ग्रंथालय पुरले. कुलूपबंद संध्याकाळ जपावयाची झाली, तर ग्रंथपालाला आधी किल्लीवाल्याच्या दारी जावे लागेल.