इंजिन बदलले, सांधा राहिला

यंत्राचा इतिहास लिहिताना आपण बहुधा त्याच्या इंजिनाचा इतिहास लिहितो. कोणत्या साली कोणते इंजिन आले, ते किती घनसेंटिमीटरचे आणि किती अश्वशक्तीचे होते, एवढ्या नोंदी झाल्या की यंत्र समजले असे आपण धरून चालतो. आम्हीही तसेच धरून चाललो होतो. चकलांब्यात एका परिचितांची जुनी जीप दुरुस्त होताना पाहिली आणि त्या समजुतीला तडा गेला.

चकलांबा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील गाव. खुद्द बीड शहरात आगगाडी पोहोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. त्याआधीची कित्येक दशके या भागातील माणसे, बी-बियाणे, आजारी आणि वऱ्हाडी यांचा भार एस.टी. आणि जीप यांनीच वाहिला. त्यामुळे जीपचा इतिहास हा येथे हौशी संग्राहकांचा विषय नाही; तो दळणवळणाचा, म्हणजेच जगण्याचा इतिहास आहे.

त्याची ठळक पाने परिचित आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी घडलेली विलीज जीप ६० अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनावर धावे. १९४५ साली मुंबईत ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी स्थापन झाली. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. विलीजच्या गाड्यांची मुंबईत जोडणी करणारी ती हीच कंपनी. आपल्या रस्त्यांवर दीर्घकाळ दिसलेले सीजे-थ्री-बी हे रूप अमेरिकेत १९५३ साली आले. त्याचे ते उंच बॉनेट सौंदर्यदृष्टीतून आलेले नव्हते. नवे इंजिन जुन्यापेक्षा उंच होते, ते आत मावावे म्हणून बॉनेट उचलावे लागले. इंजिन बदलले की देहालाही काही सोसावे लागते, याची खूण त्या गाडीच्या चेहऱ्यावरच होती.

पुढे १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. डिझेलचा भाव सरकार ठरवी आणि तो पेट्रोलपेक्षा कमी राही. हे नियंत्रण पुरते उठले ते २०१४ साली. साहजिकच जीपमध्ये डिझेल इंजिने आली. त्यांतले प्यूजो घराण्याचे २११२ घनसेंटिमीटरचे इंजिन विशेष रुळले. कारखान्यातून डिझेलवर निघालेल्या जीप हा या इतिहासाचा एक भाग झाला. दुसरा भाग गावोगावच्या गॅरेजांत घडला. तेथे जुन्या पेट्रोल जीपचे इंजिन उतरवून भंगारातून आणलेले डिझेल इंजिन चढवले जाई. या दुसऱ्या भागाविषयी लेखी असे फारसे काहीच नाही.

आमच्या परिचितांची जीप या दुसऱ्या भागातली. नवे इंजिन उत्तम चाले. परंतु पेडल तळापर्यंत दाबूनही गिअर करकरल्याशिवाय पडत नसे. एका गॅरेजात क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलून झाली, दोष तसाच राहिला. दुसरीकडे पेडलची सगळी मोकळी चाल काढून टाकण्यात आली. त्याने गिअर पडू लागले, पण रिलीज बेअरिंग सतत घासून कण्हू लागले आणि चढावर क्लच घसरू लागला.

अखेर एका वृद्ध मिस्त्रींनी गाडीखाली गोणपाट अंथरले आणि आम्हांपैकी एकास पेडल दाबावयास सांगून ते नुसते पाहत राहिले. अशा जुन्या रचनेत पेडलची हालचाल एका आडव्या दांड्यामार्फत क्लचच्या फोर्कपर्यंत जाते. या दांड्याचे एक टोक चॅसीवर टेकलेले असते, दुसरे इंजिनाच्या बाजूस. नवे इंजिन जुन्याच्या तुलनेत थोडे पुढे बसले होते. चॅसीवरचा ब्रॅकेट मात्र जुन्या इंजिनाच्या मापाने जागच्या जागी होता. दांडा तिरका झाला होता आणि पायाच्या जोराचा काही भाग त्या तिरकेपणातच मुरत होता. त्यात डिझेल इंजिनाचा थरकाप अधिक, खालचे रबरी फाउंडेशन मऊ. पेडल दाबले की फोर्क सरकण्याऐवजी इंजिनच किंचित कलत असे.

मिस्त्रींनी ब्रॅकेट कापून सरळ रेषेत आणून वेल्ड केला, झिजलेला बुश बदलला, फाउंडेशन बदलले आणि फोर्क ओढणारा लिव्हर थोडा लांब केला. लिव्हर लांबला की फोर्काची चाल वाढते. मोबदल्यात पेडल जड होते. “हे फुकट मिळत नाही,” एवढेच ते म्हणाले. शेवटी त्यांनी पेडलला सुमारे इंचभर मोकळी चाल परत ठेवली. दोन भाग नीट जुळावयाचे तर त्यांच्यामध्ये थोडे अंतर राहू द्यावे लागते, हे त्या इंचाने आम्हांस शिकवले.

साहित्याच्या अभ्यासकांना यात काही ओळखीचे वाटावे. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘झुंझारराव’ (१८९०) या नाटकाचे मूळ ‘ऑथेल्लो’त आहे, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. मूळ कोणते आणि रूपांतर कोणाचे, या दोन नोंदींवर पुष्कळदा आपली चर्चा आटोपते. परक्या नाटकातली माणसे मराठीत एकमेकांना कोणत्या नात्याने हाक मारतात, कोठे ‘अहो’ म्हणतात आणि कोठे ‘अरे’, या सांध्यांकडे आपण क्वचितच वाकून पाहतो. रूपांतर चालते किंवा अडते ते बहुधा तेथेच.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार इंजिनबदलास परवानगी लागते आणि त्याची नोंद व्हावी लागते. नोंदणीच्या पुस्तकात चॅसीचा क्रमांक असतो, इंजिनाचा असतो, इंधनही लिहिलेले असते. त्या दोन क्रमांकांना एकत्र नांदवणाऱ्या दांड्यासाठी त्यात रकाना नाही. तो रकाना त्या मिस्त्रींच्या हातात होता. त्यांनी माप कागदावर घेतले नाही. सुतळीला एक गाठ मारली आणि काम संपल्यावर ती सुतळी तेथेच टाकून दिली. आम्हीही ती उचलून घेतली नाही, याची खंत हा लेख लिहिताना वाटते.